हात रिकामा केला तरी हरलात : साक्रीच्या काकांना उत्तर

काका, नमस्कार.

'डेड ऑफ विंटर' या टेबलावर मांडून खेळायच्या पत्त्या-फाशांच्या खेळावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही रात्री पावणेबाराला लिहिलेली प्रतिक्रिया सकाळी चहा घेताना वाचली आणि चहा गार झाला. चार ओळींत उत्तर देऊन मोकळं होता आलं असतं, पण तुम्ही नुसतं 'आवडला नाही' म्हणून थांबला नाहीत, मुद्दे मांडलेत. म्हणून हे वेगळं लिहितोय.

ज्यांनी ती प्रतिक्रिया पाहिली नसेल त्यांच्यासाठी : काका साक्रीकडचे, पाटबंधाऱ्यांच्या नोकरीतून निवृत्त. सुट्टीत भाचा पुण्याहून हा डबा घेऊन आला, घरातले चौघं बसले, चार तास गेले. वसाहत वाचली. काकांनी हातातला एकूण एक पत्ता वसाहतीसाठी घातला होता. भाच्याने मात्र दोन औषधं दाबून ठेवली होती, त्याचं गुप्त उद्दिष्ट पुरं झालं आणि नियमाप्रमाणे तो जिंकला, काका हरले. काकांचे शब्द असे : "याला तुम्ही सहकारी खेळ म्हणता? सहकार आम्हाला शिकवू नका. पांझरेवरचे पाटपाण्याचे फड आमच्या डोळ्यांसमोर आहेत. इथे फितुराला बक्षीस आणि देणाऱ्याला शिक्षा. वर फाशाची एक बाजू पडली की माणूस खलास. आणि मे महिन्यात धुळे जिल्ह्यात बसून बर्फाने गारठून मरायचं, हे काय खूळ आहे?"

आधी माझ्या चुका. लेखात मी 'सहकारी' लिहिलं आणि पुढे गेलो. 'अर्धसहकारी' लिहायला हवं होतं, म्हणजे वसाहत सगळ्यांची, पण गुप्त उद्दिष्ट आणि जिंकणं ज्याचं त्याचं. आपल्याकडे सहकारी म्हटलं की माणूस आधीच दचकून खिसा चाचपतो, त्या हिशेबाने शब्द बरोबर होता असंही म्हणता येईल, पण ती पळवाट झाली. दुसरं, 'दोन तासांत आटोपतो' असं मी लिहिलं होतं. ते नियम पाठ असलेल्यांसाठी. पहिल्यांदा खेळणाऱ्या घरात चार तास लागतात आणि मध्ये एकदा जेवण होतं. हे सांगायचं राहिलं.

आता फासा. डेड ऑफ विंटर २०१४ चा, प्लेड हॅट गेम्सचा. आयझॅक व्हेगा आणि जॉनथन गिलमोर या दोघांनी रचलेला. जग बुडालंय, बाहेर झोंबी आणि कडाका, आत मूठभर माणसांची वसाहत. शाळा, दवाखाना, किराणा दुकान, पोलीस चौकी अशा ठिकाणी जाऊन सामान हुडकायचं. माणूस जागेवरून हलला किंवा झोंबीवर धावून गेला की बारा बाजूंचा फासा टाकायचा. सहा बाजू कोऱ्या, तीन जखमेच्या, दोन हिमदंशाच्या आणि एक चाव्याची. चावा पडला की माणूस गेला, आणि तेवढ्यावर भागत नाही : त्याच ठिकाणी ज्याचा प्रभाव (पत्त्यावरचा आकडा) सगळ्यात कमी त्याच्यापर्यंत लागण पोचते. मग त्याला स्वतःहून मारून साखळी तोडायची, नाहीतर पुन्हा फासा टाकायचा.

तुमचा राग मला मान्य आहे. आमच्याकडे एकदा पहिल्याच फेरीत शाळेत तीन माणसं अशी ओळीने गेली. एक माणूस गेला की वसाहतीचं मनोबल एकाने उतरतं, म्हणजे खेळ सुरू होण्याआधीच संपल्यात जमा. अशा वेळी टेबलावर जी शांतता होते ती भीतीची नसते, वैतागाची असते. बारा वेळा फासा टाकलात तर एकदा तरी चावा पडण्याची शक्यता ६५ टक्क्यांच्या आसपास निघते. पण काका, हलायचं की नाही हे तुमच्या हातात आहे. जागेवर राहून सामान हुडकायला हा फासा नाही. पेट्रोलचा पत्ता घातला तर प्रवासालाही नाही. तुमच्या प्रतिक्रियेत लिहिलंय की तुमचा माणूस दवाखान्यातून किराणा दुकानात, तिथून चौकीत असा रोज फिरत होता. एवढं फिरणारा माणूस आमच्या गल्लीतही टिकला नसता! आम्ही घरापुरता नियम केलाय, पहिल्या फेरीतला चावा नुसती जखम धरायचा. तुम्हीही करून बघा.

बर्फाचं एका परिच्छेदात उरकतो. हिमदंश झालेल्या माणसाला प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला आणखी एक जखम होते, आणि तीन जखमा झाल्या की तो मरतो. आम्ही त्याला 'ऊन लागणं' म्हणतो. भुसावळला मे महिन्यात दुपारी स्टेशनपर्यंत पायी गेलेल्या माणसाला हा नियम समजावून सांगावा लागत नाही. कचऱ्याचाही असाच एक नियम आहे, वापरलेल्या पत्त्यांचा ढीग दहाचा झाला की मनोबल उतरतं. बाकी पत्त्यांवरचं इंग्रजी लांबलचक आहे खरं. तुमच्या पाळीला तुमच्या उजवीकडच्याने एक प्रसंगाचा पत्ता मनात वाचायचा आणि तुमच्या हातून ती गोष्ट घडली तरच मोठ्याने वाचायचा, हा प्रकार ज्याला इंग्रजी सहज वाचता येत नाही त्याला जड जातो. आमच्यातला शिरपूरचा दोस्त ते थेट अहिराणीत सांगतो, आणि मूळ लिहिणाऱ्यांनी ऐकलं तर त्यांनाही ते जास्त आवडेल असं मला वाटतं.

खरा मुद्दा फितुराचा. तुम्ही भाच्याला फितूर म्हणालात. तो फितूर नव्हता. चौघांच्या खेळात आठ साधी गुप्त उद्दिष्टं आणि फितुरीचं एक अशी नऊ पानं पिसतात आणि त्यातली चार वाटतात. म्हणजे फितूर टेबलावर असण्याची शक्यता नवात चार, निम्म्याहूनही कमी. शिवाय खरा फितूर असता तर त्याला वसाहत बुडवायची होती. तुमची वसाहत वाचली, म्हणजे तोही हरला असता. भाचा फक्त स्वतःचं बघत होता. हे वेगळं, आणि मला विचाराल तर फितुरीपेक्षा जास्त ओळखीचं.

याबद्दल आमच्याकडचा एक प्रसंग सांगतो. गेल्या उन्हाळ्यातली रात्र, गच्चीवर पाच जण. मी, दादा, वहिनी, शिरपूरचा दोस्त आणि रेल्वेत असलेला एक मित्र, जो ड्युटीवरून थेट आला होता आणि शेवभाजीच्या वासावर जागा होता. लाईट गेलेली, इन्व्हर्टरवर एकच मिणमिणता दिवा. त्या फेरीच्या संकटाला औषधं हवी होती. पाच जणांत पाच लागतात. प्रत्येकाने पत्ते पालथे घालायचे, कोणी काय घातलं ते दिसत नाही. मग पिसून उघडायचे. बरोबर चिन्ह असेल तर एक वाढतो, चुकीचं असेल तर एक कमी होतो. सहा पत्ते पडले होते. दादाने एक एक उलटला : औषध, औषध, औषध, औषध, पेट्रोल, औषध. पाचातून एक गेला, उरले चार. संकट टळलं नाही.

त्या पेट्रोलकडे पाचही जण बघत होते. कोणी काही बोलेना. मग दादा शिरपूरवाल्याला म्हणाला, "तुझ्या हातात अजून तीन पत्ते दिसताहेत." तो म्हणाला, "मना पत्ता मना, तुले काय करनं शे?" झालं. याच वाक्यावर त्याला वसाहतीबाहेर काढायचं मतदान झालं आणि चार विरुद्ध एकने तो बाहेर गेला. माझं मतही त्या चारांत होतं. दोन फेऱ्यांनी आम्ही हरलो. उद्दिष्टं उघडली तर फितूर कोणीच नव्हतं. आणि ते पेट्रोल? वहिनीने घातलं होतं. त्या उजेडात तिला चिन्ह औषधाचं वाटलं. मतदानाच्या वेळी लक्षात आलं होतं, पण तोवर सगळे इतके तापले होते की ती गप्प राहिली. शिरपूरवाला अजून तिच्या हातचा चहा घेताना "यात पेट्रोल नाही ना?" असं विचारतो.

आता तुमचे फड. मी इथे अडखळलो, कारण दाखला चांगला आहे आणि तो तुम्ही दिलाय. पांझरेवर बंधारा, त्यावरून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड. एका फडात एका वर्षी एकच पीक, आणि शेतकऱ्याचे तुकडे वेगवेगळ्या फडांत. पाणी कमी पडलं आणि एखादा फड कोरडा ठेवायचा ठरलं की तोटा सगळ्यांच्या वाट्याला येतो. तुमचं म्हणणं, असा असतो सहकार, तिथे गुप्त उद्दिष्ट कसलं?

पण काका, तिथे पाणी वाटायला पाटकरी होता आणि राखणीला जागल्या होता. गावाने पदरचं धान्य देऊन ही माणसं ठेवली होती. सगळ्यांचं हित एकच असतं तर रात्री कोणाची राखण करायची होती? ज्यांनी ती रीत बसवली त्यांना पक्कं माहीत होतं की शेजाऱ्याचाही एक तुकडा आहे आणि तो तहानलेला आहे. माणूस आपलं बघणार हे आधी धरूनच त्यांनी तुकडे विखुरले. या खेळात पाटकरी नाही. तेवढं काम टेबलावरच्या लोकांनी करायचंय, तेही एकमेकांचे पत्ते न बघता.

उलट बाजूही सांगतो. २००८ मध्ये मॅट लीकॉकचा 'पँडेमिक' आला. तो निखळ सहकारी : गुप्त काही नाही, सगळे मिळून जिंकतात किंवा हरतात. छान खेळ आहे, आमच्याकडे बराच खेळला गेला. पण आमचा दादा शाळेत गणित शिकवतो. तिसऱ्या पाळीपासून तोच सांगायला लागला, तू इकडे जा, तू तो पत्ता याला दे, तू नुसती थांब. सांगायचा ते बरोबरच असायचं. बाकी आम्ही तिघं त्याची प्यादी हलवणारे हमाल. सगळं उघड असलं आणि सगळ्यांचं हित एकच असलं की जो सगळ्यात हुशार तो सगळ्यांचे हात खेळतो. वहिनी एकदा पाळी आल्यावर उठून पापड भाजायला गेली, आणि खेळ तिच्याशिवाय व्यवस्थित चालू राहिला. डेड ऑफ विंटरमध्ये दादाला तसं करता येत नाही. त्याने "हा पत्ता टाक" म्हटलं की मला विचार करावा लागतो, हे तो वसाहतीसाठी म्हणतोय की स्वतःसाठी? आणि मी नाही म्हटलं तर त्याला कारण विचारता येत नाही.

तुमच्यासारखं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी नियमपुस्तिकेत गुप्त उद्दिष्टांशिवायचा, पूर्ण सहकारी प्रकारही दिलाय. मुख्य उद्दिष्टाची अवघड बाजू घ्यायची आणि खेळायचं. आम्ही दोनदा खेळलो. दोन्ही वेळा पाळी सगळ्यांची, खेळ दादाचा. रेल्वेवाल्याला मात्र तोच आवडला. तो म्हणतो, "दिवसभर ड्युटीवर संशयच करायचा, इथे तरी नको." त्याच्याशी मी वाद घातला नाही.

आणि शेवटी तुमचं ते वाक्य, "देणाऱ्याला शिक्षा". यावर मी दोन दिवस विचार केला. पँडेमिकमध्ये तुम्ही पत्ता देता तेव्हा तुमचं काही जात नाही. तो कधी तुमचा नव्हताच. तुमच्या घरी त्या रात्री मात्र पत्ते तुमचे होते. ते धरून ठेवले असते तर तुमचंही उद्दिष्ट पुरं झालं असतं, हे तुम्हीच लिहिलंय. तुम्ही ते घातलेत, आणि पुस्तिकेने त्याची नोंद 'हरले' अशी केली. माझ्या मते इथे पुस्तिका कमी पडते, खेळ नाही. तुमच्या भाच्यालाही ते कुठेतरी लागलं असणार, नाहीतर जिंकल्यावर त्याने "मामा, पुढच्या सुट्टीत परत खेळू" असं म्हटलं नसतं. हेही तुमच्याच प्रतिक्रियेत, अगदी शेवटच्या ओळीत आहे. तुम्ही ते तक्रार म्हणून लिहिलंय.

मला एक सांगा : दोन औषधं त्याने दाबल्याचा संशय तुम्हाला आला होता का? आला असेल तर मतदान का मागितलं नाहीत? भाचा म्हणून? आमच्याकडे मी हे विचारलं तेव्हा तिघांची तीन उत्तरं आली. दादा म्हणाला, नियम आहे, काढलंच पाहिजे. वहिनी म्हणाली, घरातल्या पोराला कोण बाहेर काढतं? शिरपूरवाल्याने फक्त तिच्याकडे बघितलं.

थंडीत तापीकाठची वांगी बाजारात आली की भुसावळला या. भरीत-पुरी आमच्याकडे, डबा भाच्याला घेऊन यायला सांगा. नसला तरी आमचा आहेच, पाच जणांनी वर्गणी काढून घेतलेला. त्या रात्रीनंतर वहिनीने त्यातल्या प्रत्येक पेट्रोलच्या पत्त्यावर चिन्हाशेजारी लाल स्केचपेनने ठिपका काढून ठेवलाय.