‘लिहिणं सोपं असतं’ – अनिकेत यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अनिकेत, तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग अजिबात आला नाही, कारण तुम्ही लिहिलंय तेच मला ओळखीतल्या कितीतरी लोकांनी तोंडावर सांगितलंय. गुन्हा डोळ्यांनी पाहिला असेल तर साक्ष द्यायला पुढे या, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं असं की लिहिणं सोपं असतं, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये हे जुने लोक उगाच म्हणत नाहीत, पोलीस साक्षीदारालाच दमात घेतात, वर्षानुवर्षं तारखा पडतात, आरोपी जामिनावर सुटून दारात येऊन उभा राहतो, आणि आता जिकडेतिकडे सीसीटीव्ही आहेत तर माणसाची गरजच काय. तुमच्या मेव्हण्याने चौघांना मिळून एकाला मारताना पाहिलं, पोलिसांना जबाबही दिला, आणि आता घरच्यांनी त्याला ‘कोर्टात काही आठवत नाही म्हणून सांग’ असं समजावलंय, आणि तुमच्या मते ते बरोबरच केलं.

सीसीटीव्हीचं आधी बोलते कारण हल्ली हे सगळेच म्हणतात. अहो, फुटेज आपल्या पायांनी कोर्टात येत नाही. ते कुठल्या यंत्रातून, कसं घेतलं हे सांगणारं, भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट त्याला जोडावं लागतं, त्यात काही राहिलं की आरोपीचा वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो. आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत आवाज नसतो, म्हणजे पहिली शिवी कोणी दिली, ‘सोडू नका याला’ कोण ओरडलं, मार खाणारा हात जोडत होता का, यातलं काही त्यात नाही, चेहरा अर्धा अंधारात आणि अर्धा कोणाच्या तरी डोक्यामागे. ते सांगणारा माणूसच लागतो. आणि साक्षीदार अमुक इतकेच हवेत असंही कायदा म्हणत नाही, एकाच साक्षीदारावर कोर्टाचा विश्वास बसला तर तेवढ्यावरही शिक्षा होऊ शकते. त्यामुळे ‘माझ्या एकट्याने काय फरक पडणार’ हे मला पटत नाही, बऱ्याचदा सगळा फरक त्या एकट्यानेच पडतो.

भीतीचं मात्र तुमचं शंभर टक्के खरं आहे. जेसिका लाल प्रकरण आठवा. २९ एप्रिल १९९९ च्या रात्री दिल्लीत भरल्या पार्टीत जेसिका या तरुणीला गोळी घालून मारलं, आणि कोर्टात एकामागून एक साक्षीदार फितूर झाले, फेब्रुवारी २००६ मध्ये सगळे आरोपी निर्दोष सुटले. लोक रस्त्यावर आले, अपील झालं, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये दिल्ली हायकोर्टाने मुख्य आरोपी मनू शर्माला जन्मठेप दिली, पुढे २०१० मध्ये सुप्रीम कोर्टानेही ती कायम ठेवली. पण हायकोर्टाकडे धरायला काहीतरी होतं म्हणून हे झालं ना? जिथे पार्टी होती त्या जागेच्या मालकीण बीना रमाणी यांच्यासारखे मोजके लोक आपल्या म्हणण्यावर ठाम राहिले होते. तेही फुटले असते तर मोर्चे कितीही निघाले असते तरी कोर्ट पुरावा कुठून आणणार होतं?

आसाराम बापूवरच्या बलात्काराच्या प्रकरणात तर साक्षीदारांवर हल्ले झाले, काहींचा जीव गेला. त्याच प्रकरणांतून आलेल्या याचिकेवर सुप्रीम कोर्टाने ५ डिसेंबर २०१८ ला साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली आणि संसद किंवा राज्यं कायदा करेपर्यंत ती देशभर कायद्यासारखीच लागू राहील असं सांगितलं. तुमच्या मेव्हण्याला ही माहीत असायला हवी. धमकी आली किंवा येईल असं वाटतंय तर जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज करता येतो, अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश असतात, समितीने मागवल्यावर पोलिसांनी धोक्याचा अहवाल पाच कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, आणि गरजेप्रमाणे घराजवळ गस्त, कोर्टात नेण्या-आणण्याला पोलीस, आरोपी समोर येणार नाही अशी सोय, फोन नंबर बदलून देणं, काही दिवस दुसरीकडे राहण्याची व्यवस्था असं काय काय मिळू शकतं. साक्ष बदल म्हणून धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेचं कलम २३२, सात वर्षांपर्यंत शिक्षा. हे आपणहून कोणी सांगत नाही याचा मला मनापासून संताप येतो, आणि कागदावर आहे ते सगळं नेहमी वेळेत मिळतंच असंही मी म्हणणार नाही. पण न मागता तर नक्कीच मिळत नाही.

तारखांचंही तसंच. साक्षीदार हजर असेल तर खास कारण लिहून ठेवल्याशिवाय त्याची साक्ष न घेता तारीख पुढे ढकलू नये असं कायदा सांगतो, आणि तरीही माणसं दिवसभर बाकावर बसून पुकारा न होता घरी जातात. हे चूकच आहे, यावर मी तुमच्याच बाजूची आहे. साक्षीदाराला येण्या-जाण्याच्या खर्चाचा भत्ता मिळू शकतो, तो मागावा, त्यात लाज कसली.

आता उलटतपास. तुम्ही लिहिलंत की वकील कपडे उतरवल्यासारखे प्रश्न विचारतात. मी स्वतः एका मारहाणीच्या केसमध्ये पिंजऱ्यात उभी राहिलेय त्यामुळे हे ऐकीव सांगत नाहीये. मला विचारलं, तुम्ही किती फुटांवर होतात? मी म्हटलं फूट नाही सांगता येणार, पण इथून त्या दरवाजाएवढं अंतर होतं. न्यायाधीशांनी मान वर करून दरवाजाकडे पाहिलं आणि तसंच टाइप करायला सांगितलं. शर्टाचा रंग विचारला, मी म्हटलं आठवत नाही, तेही लिहून घेतलं. वकील आवाज चढवत होते, ‘म्हणजे तुम्ही तिथे नव्हताच’ असं म्हणत होते, मी फक्त ‘हे खरं नाही, मी होते’ एवढंच म्हटलं. साक्षीदाराने केस जिंकून द्यायची नसते हो, जेवढं पाहिलं तेवढंच सांगायचं असतं. लोक अडकतात ते न पाहिलेलं भरीला घालायला जातात तेव्हा.

२६/११ च्या खटल्यात सीएसटीवर पायात गोळी लागलेली देविका रोटावन, जेमतेम दहा वर्षांची, कुबडी घेऊन कोर्टात आली आणि तिने कसाबला ओळखलं. कामा हॉस्पिटलच्या नर्स अंजली कुलथे यांनीही ओळखलं. तुम्ही म्हणाल तिथे अख्खं सरकार पाठीशी होतं. होतं. पण त्या पोरीला समोर बसलेल्या माणसाची भीती वाटलीच नसेल असं थोडंच आहे?

तुमच्या मेव्हण्याच्या गोष्टीत मला सगळ्यात जास्त टोचतो तो मार खाणारा माणूस. त्याच्याबद्दल तुमच्या एवढ्या मोठ्या प्रतिक्रियेत एक ओळ नाहीये. तो घरी पडून असेल आणि त्याला पक्कं माहीत असेल की एकाने पाहिलंय, तो सांगेल. आणि ‘आठवत नाही’ खरंच आठवत नसेल तर चालतं, आठवत असताना शपथेवर म्हणणं म्हणजे खोटी साक्ष, त्यात मेव्हणाच अडचणीत येऊ शकतो. समन्स टाळलं तर वॉरंट निघू शकतं ते वेगळंच.

तेव्हा त्याला एवढं सांगा. समन्स आलं की त्या दिवशी थोडं लवकर जाऊन सरकारी वकिलांना भेटायचं. पोलिसांसमोरच्या आपल्या जबाबात काही चुकीचं लिहिलं गेलंय किंवा सांगितलेलं राहून गेलंय असं वाटत असेल तर ते वकिलांना तिथेच, साक्षीच्या आधी सांगायचं, कारण उलटतपासात ‘हे तुमच्या जबाबात नाही’ हाच प्रश्न येतो. धमकीचा फोन आला असेल तर नंबर, तारीख, वेळ लिहून ठेवायची, रेकॉर्डिंग पुसायचं नाही, आणि संरक्षणाचा अर्ज साक्षीच्या दिवसाची वाट न बघता आत्ताच टाकायचा. अर्जात काय लिहायचं ते अडलं तर मला मेल करा, मी बसून मदत करीन.