‘ते स्वखुशीने आले होते’ हे अर्धंच सांगणं आहे

युरोपात एकोणिसाव्या शतकात दूरदेशीची माणसं आणून तिकीट लावून दाखवली जात. त्याबद्दलचा एक मजकूर सारखा पुढे पाठवला जातो : ती माणसं करार करून, पगार घेऊन आली होती, जी मेली ती साथीने मेली, लोकांना त्यातून ज्ञान मिळालं, आणि काळच तसा होता. १८८० साली लॅब्राडोरहून, म्हणजे कॅनडाच्या ईशान्य किनाऱ्यावरून, नेलेल्या आठ इनुइटांचं (तिथल्या मूळ रहिवाशांचं) काय झालं ते पाहा. त्यांच्यातल्या अब्राहम उलरिकाबने स्वतःच्या भाषेत रोजनिशी लिहिली, म्हणून त्यांची बाजू आज कळते.

‘करार होता.’ होता. अब्राहमच्या डोक्यावर ख्रिस्ती मिशनच्या दुकानाचं कर्ज होतं आणि युरोप बघायची इच्छाही होती. पण करार मोडून परत कसं जाणार? लॅब्राडोरचा किनारा हिवाळ्यात बर्फाने बंद, बोट उन्हाळ्यातच. ऑगस्टमध्ये निघालेल्या माणसाला पुढच्या उन्हाळ्याशिवाय घर नाही. त्याच्यासोबतच्या तरुण तोबियासला याकोब्सेनने, म्हणजे त्यांना घेऊन आलेल्या दलालाने, कुत्र्यांच्या चाबकाने मारल्याची नोंद रोजनिशीत आहे. बर्लिनच्या प्राणिसंग्रहालयात गर्दी कुंपण ओलांडून आत घुसली, तेव्हा अब्राहमने हातात चाबूक आणि सील मारायचा भाला घेऊन तिला पळवून लावलं. राहत्या झोपडीचं दार असं राखावं लागत असेल, तर त्याला नोकरी म्हणवत नाही.

‘साथीने मेले.’ हा मुद्दा सर्वांत चुकीचा आहे. ते देवीने मेले. देवीची लस तेव्हा जुनी झाली होती, आणि जर्मनीत १८७४ च्या कायद्याने मुलांना ती सक्तीची होती. या आठ जणांना मात्र देवी टोचल्याच नाहीत. देवीची लागण झाल्यावर साधारण १२ दिवसांनी ताप येतो. लस लागणीनंतर तीन-चार दिवसांच्या आत दिली तरच भरवशाची. नोगासाक ही १५ वर्षांची मुलगी १४ डिसेंबरला डार्मश्टाटमध्ये गेली. डॉक्टरांना रोग ओळखता आला नाही आणि दौरा पुढे सरकला. मग क्रेफेल्डमध्ये तिची आई पैंगो गेली. अब्राहमची लहानगी सारा ३१ डिसेंबरला गेली. उरलेल्या पाच जणांना लस टोचली ती पॅरिसला पोचल्यावर, १ जानेवारी १८८१ ला. तोवर फार उशीर झाला होता. १६ जानेवारीपर्यंत आठांतलं कुणी उरलं नाही.

‘ज्ञान मिळालं.’ बर्लिनमध्ये रुडॉल्फ फिर्खो या जर्मन वैद्य-मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्या शरीराची मापं घेतली. पैंगो मोजमापाच्या वेळी भीतीने झटका आल्यासारखी बेभान झाली, हे त्यानेच नोंदवलं. तरी मापं घेतली गेलीच. मेल्यावर तिच्या कवटीचा वरचा भाग काढून घेतला. पॅरिसला गेलेल्या पाच जणांचे सांगाडे तिथल्या निसर्गेतिहास संग्रहालयात ठेवले गेले. अब्राहमने मरणापूर्वी लिहिलेल्या पत्रात मालमत्ता नको, आपली माणसं पुन्हा दिसावीत एवढंच मागितलं होतं.

‘काळच तसा होता.’ त्याच वर्षी याकोब्सेन आधी ग्रीनलंडला गेला होता. डेन्मार्कच्या अधिकाऱ्यांनी माणसं नेऊ दिली नाहीत, म्हणून तो लॅब्राडोरला वळला. तिथल्या मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या मिशनऱ्यांनीही विरोध केला. म्हणजे हे चूक आहे असं सांगणारे तेव्हाही होते. आणि काळाचाच दोष म्हणावा, तर १९५८ च्या ब्रुसेल्स प्रदर्शनात पुन्हा ‘काँगोचं गाव’ मांडलं होतं. प्रेक्षकांच्या अपमानाला कंटाळून तिथले काँगोली कारागीर जुलैतच मायदेशी परतले.