बाबा रेडिओशी बोलायचे

कराडला आमच्या घरी सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी कुणी कुणाशी बोलायचं नाही. पुण्याच्या प्रादेशिक बातम्या लागायच्या, सांगली केंद्रावरून सहक्षेपित. बाबा आरशासमोर तोंडाला फेस लावून उभे. बोलायची मुभा फक्त त्यांना, तीही रेडिओशी. तिकडून "मुख्यमंत्र्यांनी पाणीटंचाईचा आढावा घेतला" आलं की इकडून "आढावा घेतला, पाणी कधी देणार ते विचार की!" रेडिओ तोवर हवामानावर गेलेला असायचा.

लग्न करून 2010 मध्ये न्यू जर्सीतल्या जर्सी सिटीला आले, न्यूयॉर्कच्या अगदी समोर, नदीपलीकडे. एच-फोर व्हिसा, म्हणजे नवऱ्याच्या जिवावर राहा, कमवायचं नाव नको. (2015 पर्यंत आम्हा एच-फोरवाल्या बायकांना कामाची परवानगीच नव्हती, त्यानंतरही सगळ्यांना नाही.) नवरा साडेआठला पाथ ट्रेनने गेला की घरात मी आणि फ्रिजची घरघर. आधीच्या भाडेकरूने मागे ठेवलेला एक छोटा रेडिओ होता, तो सहज लावला. 93.9 एफएम, डब्ल्यूएनवायसी, न्यूयॉर्कचं सार्वजनिक रेडिओ केंद्र. सकाळचे दहा वाजले होते आणि ब्रायन लेहरर नावाचा माणूस कुणा अधिकाऱ्याशी भाड्याच्या घरांबद्दल बोलत होता. आवाज अगदी साधा, वरच्या पट्टीत जायचंच नाही असं ठरवलेला. मग तो म्हणाला की आता फोन घेऊया. क्वीन्समधून कुणीतरी, ब्रॉन्क्समधून कुणीतरी. फोन करणारे सरळ त्या अधिकाऱ्याशी बोलत होते! मी हातातली कणीक तशीच ठेवून खुर्चीवर बसले.

न्यूयॉर्क मला या माणसाने शिकवलं असं म्हटलं तरी चालेल. 1989 पासून तो हा कार्यक्रम करतोय. सोमवार ते शुक्रवार, दहा ते बारा. पहिल्या भागात वॉशिंग्टनचं राजकारण, शेवटच्या वीस मिनिटांत "तुमच्या सासूने दिलेली कुठली वस्तू तुम्ही अजून वापरता" छापाचं काहीतरी. आपल्याकडे यातला दुसरा भाग 'महिलांसाठी' म्हणून दुपारी टाकतील आणि पहिला रात्री नऊला सहा चौकटींत आरडाओरडा करायला ठेवतील. इथे दोन्हीकडे तोच माणूस, तोच सूर. आणि का नसावा? 2007 मध्ये त्यांनी श्रोत्यांना आपापल्या गल्लीतल्या दुकानात पाठवलं, दूध, लेट्यूस आणि बिअरचे भाव लिहून कळवा म्हणून. कुठल्या वस्तीत दुकानदार कसा कापतो ते श्रोत्यांनीच मांडून दाखवलं. दुधाचा भाव हे राजकारण नाही असं म्हणणाऱ्याने कोल्हापूर-सांगलीत एकदा येऊन जावं.

पण मला खरी गंमत वाटायची ती शुक्रवारची. बिल डी ब्लासिओ महापौर असताना दर शुक्रवारी या कार्यक्रमात यायचे आणि लोकांचे फोन घ्यायचे. आपल्याकडचा महापौर म्हणजे फीत कापायचा माणूस, खरी चावी आयुक्तांच्या हातात. तिकडे तसं नाही. पोलीस, शाळा, कचरा, बर्फ, सगळं महापौराच्या गळ्यात. त्यामुळे कुणी इमारतीची लिफ्ट बंद म्हणून फोन करी, कुणी बस येत नाही म्हणून. महापौर बऱ्याचदा म्हणायचे, तुमचा नंबर इथे देऊन ठेवा, माझी माणसं फोन करतील. किती जणांना फोन गेले देव जाणे. पण गाऱ्हाणं सगळ्या शहरादेखत नोंदलं जायचं.

2017 च्या जूनमध्ये आई-बाबा आमच्याकडे आले होते. आदल्या दिवशीच ट्रम्पनी हवामानबदलाच्या पॅरिस करारातून बाहेर पडत असल्याचं जाहीर केलेलं, महापौर त्यावर तावातावाने बोलत होते. तेवढ्यात ब्रुकलिनचा एक श्रोता आला. त्याचा मुद्दा असा, की तुम्ही मॅनहॅटनच्या वरच्या अंगाच्या बंगल्यातून रोज गाड्या घेऊन ब्रुकलिनला, पार्क स्लोपच्या व्यायामशाळेत जाता, ते आधी सोडा, आम्हालाही हुरूप येईल. डी ब्लासिओंनी ते प्रतीकात्मक म्हणून झटकून टाकलं. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्याचीच चर्चा.

बाबांना इंग्रजी बेताचं, मी भाषांतर करून सांगत होते.

"हा विचारणारा कोण? विरोधी पक्षाचा?"

"नाही हो, असाच कुणीतरी. ऐकणारा."

बाबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि महापौर परत पुढच्या शुक्रवारी येणार?"

"येणार."

"निर्लज्ज आहे," बाबा म्हणाले, पण कौतुकाने.

हा कार्यक्रम म्हणजे रामराज्य असं समजू नका. फोन करणारे बहुतेक शिकलेले, नीट वाक्य पुरं करणारे. दोन नोकऱ्या करणारी बाई सकाळी अकराला होल्डवर थांबणार कशी? लेहररसाहेब कधीकधी इतके सौम्य होतात की पाहुणा निसटून जातो आणि मी ओट्यापाशी बाबांसारखी ओरडते. आणि वर्षातून काही वेळा जे वर्गणी मागणं चालतं ना, त्यापेक्षा गणेशोत्सवाची पोरं परवडली, पावती फाडली की जातात तरी.

पण वर्गणीशिवाय हे उभंच राहिलं नसतं. डब्ल्यूएनवायसी 1924 पासून न्यूयॉर्क शहर सरकारच्या मालकीचं केंद्र होतं. 1945 मध्ये वर्तमानपत्रं पोहोचवणाऱ्यांचा संप झाला, तेव्हा महापौर ला गार्डिया यांनी याच केंद्रावरून मुलांना चित्रकथा वाचून दाखवल्या होत्या. पुढे महापौर जुलियानींनी ते विकायला काढलं, आणि 2 कोटी डॉलरच्या बदल्यात 1997 मध्ये केंद्र स्वतंत्र झालं. म्हणूनच तर महापौर तिथे पाहुणा असतो, मालक नसतो. 2025 मध्ये अमेरिकन संसदेने सार्वजनिक प्रसारणाचे 110 कोटी डॉलर काढून घेतले. न्यूयॉर्कसारख्या मोठ्या केंद्राला श्रोते तारून नेतील, पण मधल्या खेड्यापाड्यांतल्या केंद्रांच्या घशाशी आलं.

आता साल लक्षात घ्या, 1997. आपल्याकडे प्रसार भारती अस्तित्वात आली तीही 1997 मध्येच. कायदा 1990 चा, सात वर्षं फायलीत पडून. मधे 1995 मध्ये क्रिकेट सामन्याच्या प्रक्षेपणावरून खटला होऊन सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं होतं की ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे. (आपल्या देशात क्रिकेटने किती कामं मार्गी लावलीत!) तर कागदावर आकाशवाणीही स्वायत्त झाली. तरी 2014 पासून देशातला सगळ्यात गाजलेला बोलका कार्यक्रम कुठला, तर पंतप्रधानांची 'मन की बात'. त्यात लोकांची पत्रं वाचतात, फोनवरचे निरोप ऐकवतात. उलट प्रश्न विचारायला मात्र कुणी नसतं.

खाजगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या हव्या तर जशाच्या तशा लावा. म्हणून ते बिचारे सकाळभर नवरा-बायकोचे विनोद करतात. म्हसवडच्या माणदेशी तरंग वाहिनीसारखी सामुदायिक केंद्रं आहेत, माणसं माणदेशी बोलीत बोलतात, ऐकून जीव सुखावतो. पण बातम्या म्हटल्या की त्यांच्याही तोंडाला तेच कुलूप. राहिली आकाशवाणी. तिच्याकडे गडचिरोलीपासून सिंधुदुर्गापर्यंत पोहोचणारा आवाज आहे, उत्तम मराठी बोलणारी माणसं आहेत, आणि बाबांच्या पिढीचा विश्वास अजून शिल्लक आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च 2022 मध्ये संपली, पुढे कित्येक वर्षं नगरसेवकच नव्हते, सगळा कारभार प्रशासकाकडे. त्या काळात आठवड्यातून एक तास त्या प्रशासकाला अस्मिता वाहिनीवर बसवायला काय हरकत होती? पैसे लागत नव्हते. एक फोन, एक निवेदक आणि "थांबा साहेब, त्यांनी विचारलं त्याचं उत्तर राहिलं" एवढं म्हणायची छाती.

मी स्वतः एकदाच फोन केलाय. मॅनहॅटनच्या दक्षिण भागात गाडी आणायला 9 डॉलर पडू लागले तेव्हा, 2025 च्या जानेवारीत. फोन उचलणाऱ्या मुलीने नाव, गाव आणि काय बोलणार ते विचारलं, म्हणाली थांबा. पंचवीस मिनिटं थांबले. कानात कार्यक्रम चालू, मनात वाक्यं घोकतेय. मग वेळ संपली, नंबर लागलाच नाही. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या आणि डाळीचं पिठलं झालं.

संध्याकाळी बाबांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, "पण काय विचारणार होतीस ते सांग की." मग पंचवीस मिनिटं घोकलेलं सगळं मी त्यांना सांगितलं, आणि ते कराडहून न्यू जर्सीच्या गव्हर्नरला शिव्या देऊ लागले.