‘स्वतःचे लिंट नियम लिहू नका’ या सल्ल्याला उत्तर

जावास्क्रिप्ट लिहिणाऱ्यांमध्ये एक सल्ला सर्रास दिला जातो. टीमने स्वतःचे लिंट नियम (कोड न चालवता त्यातल्या चुका दाखवणारे नियम) लिहिण्यात वेळ घालवू नये. तयार कॉन्फिग (इतरांनी बनवलेला नियमांचा संच) घ्यावं, फारच वाटलं तर ग्रेप (फाइलींमध्ये शब्द शोधणारी कमांड) मारावा, उरलेलं रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्याने कोड वाचताना, पकडावं. सिंटॅक्स ट्रीवर (कोडच्या रचनेच्या झाडावर) क्वेरी लिहायला म्हणे कंपायलर शिकावा लागतो, आणि एवढं करून पदरात पडतात ती स्टाईलवरची भांडणं. हा सल्ला मला चुकीचा वाटतो. नुकत्याच कामाला लागलेल्या मुलामुलींना तो दिला जातो तेव्हा तर फारच खटकतो. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी तयार कॉन्फिग. त्यात सगळ्यांच्या सामाईक चुका असतात. तुमच्या टीमने आपसात ठरवलेली गोष्ट त्यात कुठून येणार? आमच्या बिलावरची रक्कम लॅपटॉपवर १२,३४,५६७ अशी दिसायची आणि सर्व्हरवर १,२३४,५६७. कुणीतरी टू-लोकेल-स्ट्रिंग हे आकडा मजकुरात बदलणारं फंक्शन रिकाम्या कंसांनी बोलावलं होतं. लोकेल (भाषा आणि देशाची सेटिंग) दिला नाही की मशीनचा लोकेल लागतो. लॅपटॉप भारतीय इंग्रजीवर होता, सर्व्हर अमेरिकन. मराठी लोकेल दिला तर आकडेही देवनागरीत येतात, म्हणजे दर वेळी विचार करूनच लिहायची ही गोष्ट आहे. ‘लोकेलशिवाय हे फंक्शन वापरायचं नाही’ हा आमच्या घरचा नियम. आणि निकोलस झाकस यांनी २०१३ मध्ये ईएसलिंट हे लिंटचं साधन सुरू केलं ते मुळात स्वतःचे नियम जोडता यावेत म्हणूनच, कारण जेएसहिंट या आधीच्या साधनात तशी सोय नव्हती.

ग्रेपच्या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण त्यानेच आमचं सगळ्यात जास्त नुकसान केलं. पैशांचे व्यवहार डेटाबेस ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल किंवा काहीच नाही अशा गटात) करायचे, तर आम्ही ‘डीबी डॉट ट्रान्झॅक्शन’ बोलावतो आणि त्याला एक फंक्शन देतो. त्या फंक्शनला ‘टीएक्स’ नावाचं हँडल, म्हणजे त्याच ट्रान्झॅक्शनचं कनेक्शन, मिळतं. आतली प्रत्येक क्वेरी टीएक्सवरूनच गेली पाहिजे. चाळीसेक ओळींच्या अशा एका फंक्शनात एकाच ठिकाणी सवयीने टीएक्सऐवजी डीबी लिहिलं गेलं. कोड चालत होता, टेस्ट पास होत होत्या. मग एक व्यवहार मध्येच फसला, रोलबॅक झाला. वॉलेटमधली वजावट मागे फिरली, खतावणीतली नोंद मात्र तशीच राहिली, कारण ती दुसऱ्या कनेक्शनवरून गेली होती. ते शोधण्यात दोघांचे दोन दिवस गेले.

आता ही चूक ग्रेपने शोधायला बसा. ‘डीबी डॉट क्वेरी’ साऱ्या प्रोजेक्टभर पसरलेलं आहे आणि बहुतेक ठिकाणी ते बरोबरच आहे. चुकीचं ठरतं ते फक्त ट्रान्झॅक्शनच्या पोटात. ग्रेप ओळ वाचतो. ती ओळ कोणाच्या पोटात आहे हे त्याला दिसत नाही. वर कॉमेंटमधला आणि स्ट्रिंगमधला डीबीही तो उचलून आणतो. सिंटॅक्स ट्रीवरच्या सिलेक्टरमध्ये (ट्रीमधले भाग निवडणाऱ्या क्वेरीत) हीच गोष्ट एका ओळीत बसते: ज्याच्या प्रॉपर्टीचं नाव ‘ट्रान्झॅक्शन’ आहे असा कॉल, मग एक स्पेस, मग ज्याचा ऑब्जेक्ट ‘डीबी’ आहे असा कॉल. मधल्या त्या स्पेसचा अर्थ ‘आत कुठेही, कितीही खोल’. बाहेरचा कॉल स्वतःच्या पोटात येत नाही, त्यामुळे तो आपोआप सुटतो.

इथेच कंपायलरच्या बाऊचं उत्तरही मिळतं. ती स्पेस सीएसएसमधलीच, म्हणजे वेबपानांचं रूप ठरवणाऱ्या भाषेतलीच आहे. थेट मूल हवं तर ‘पेक्षा मोठं’चं चिन्ह, गुणधर्म तपासायचा तर चौकटी कंस, वगळायचं तर ‘नॉट’. ज्याने एखाद्या पानावरच्या लिंकांचा रंग बदललाय त्याला हे येतं. नोडची (ट्रीमधल्या भागांची) नावं पाठ असण्याचीही गरज नाही. एएसटी एक्सप्लोरर या वेबसाइटवर आपला कोड चिकटवायचा, हव्या त्या शब्दावर क्लिक करायचं, उजवीकडे नोडचं नाव उघडतं. ईएसलिंटमध्ये ही सोय २०१७ पासून आहे, आणि ‘नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स’ या आयत्या नियमात सिलेक्टर आणि मेसेज भरला की झालं, प्लगइन लागत नाही. जावावाल्यांकडे पीएमडी या कोड तपासणाऱ्या साधनात हेच काम एक्सपाथ या क्वेरीभाषेने होतं. आमचा डीबीचा नियम एका इंटर्न मुलीने एका दुपारी लिहिला, टेस्टसकट.

रिव्ह्यूबद्दल एवढंच सांगतो की ती चूक असलेला पीआर (कोडबदलाचा प्रस्ताव) मी स्वतः पाहिला होता आणि अप्रूव्ह केला होता. टीएक्स आणि डीबी यांतला फरक चाळिसाव्या ओळीला डोळा पकडत नाही. रिव्ह्यूमध्ये मला रचना योग्य आहे का, नावं कळतात का, हे बघायचंय. शिवाय रिव्ह्यूत दिलेली समज त्या पीआरपुरतीच राहते. नियमाच्या मेसेजमध्ये आम्ही लिहिलंय: ‘ट्रान्झॅक्शनच्या आत डीबी वापरलात तर रोलबॅकमध्ये ही क्वेरी मागे फिरणार नाही. टीएक्स वापरा.’ टीममध्ये आज आलेल्या माणसालाही हे त्याच ओळीवर, टाइप करतानाच वाचायला मिळतं.

स्टाईलवरची भांडणं हा आक्षेप मला मान्य आहे, पण तो स्पेस आणि सेमिकोलनच्या नियमांना लागू होतो. ते काम प्रेटियरसारख्या फॉर्मॅटरचं, म्हणजे कोडची मांडणी आपोआप करणाऱ्या साधनाचं. ईएसलिंटनेही २०२३ मध्ये आपले फॉर्मॅटिंगचे नियम डेप्रिकेट केले, म्हणजे ‘आता हे वापरू नका’ असं जाहीर केलं.

मर्यादाही सांगायला हव्यात, कारण लोक नियम लिहितात आणि मग गाफील राहतात. सिलेक्टरला स्कोप, म्हणजे कुठलं नाव कशाचं आहे हे, कळत नाही. कुणी डीबी दुसऱ्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवला, किंवा दुसऱ्या फाइलमधल्या हेल्परमधून वापरला, तर तो सुटतो. प्रॉपर्टी चौकटी कंसात स्ट्रिंग म्हणून लिहिली तर ट्रीमध्ये ती लिटरल (नाव नाही, नुसती किंमत) होते, नाव शोधणारा सिलेक्टर तिथे गप्प राहतो. कॉमेंट तर ट्रीमध्ये नसतातच. सगळ्यात जास्त अडकायला होतं ते कॉन्फिगमध्ये: ‘नो-रिस्ट्रिक्टेड-सिंटॅक्स’ची यादी एखाद्या फोल्डरसाठी पुन्हा दिली की आधीच्या यादीत भर पडत नाही, आधीची यादीच जाते. आणि एका ओळीवर तो नियम डिसेबल केला की तुमचे सगळे सिलेक्टर त्या ओळीपुरते एकदम बंद. म्हणून चार-पाच सिलेक्टर झाले की छोटं लोकल प्लगइन करा आणि प्रत्येकाला वेगळं नाव द्या. नियमाच्या कोडमध्येही तोच सिलेक्टर जसाच्या तसा ‘की’ (ऑब्जेक्टमधल्या नोंदीचं नाव) म्हणून चालतो.

नियम साचत जातात, हेही कुणी कुणी म्हणतं. साचतात, जर काढले नाहीत तर. आम्ही प्रत्येक नियमाशेजारी तो ज्या बगमुळे आला त्याचा तिकीट नंबर लिहितो. मागे तारखांची एक लायब्ररी काढून टाकली, तेव्हा तिच्यासाठी लिहिलेले दोन नियम त्याच पीआरमध्ये गेले.