ढोल कोणाच्या कमरेला?

शाळेच्या ग्रुपवर चार दिवस एकच दळण चाललंय: नाशिक ढोलच्या पथकात ‘बाहेरची’ पोरं घ्यावीत का? बाहेरची म्हणजे सातपूर-अंबडला पोटासाठी आलेल्यांची, सिडकोत जन्मलेली. वाकडी बारवेपासून गणपतीची मिरवणूक निघते तेव्हा ढोल मूळ नाशिककराच्याच कमरेला हवा, असं एकाने लिहिलं. बावीस अंगठे पडले. मी इथे मेलबर्नला ट्राममध्ये होतो, तीही नेमकी स्वान्स्टन स्ट्रीटवर, म्हणून जास्तच भडकलो.

याच रस्त्यावरून १९७६ च्या फेब्रुवारीत एसी/डीसी उघड्या ट्रकवर वाजवत गेले होते. ऑस्ट्रेलियाचा सगळ्यात गाजलेला हार्ड रॉक बँड. आता त्यातले ‘मूळचे’ मोजा. माल्कम आणि अँगस यंग हे भाऊ ग्लासगोचे, १९६३ मध्ये घरच्यांबरोबर सिडनीला आले. १९७३ मध्ये बँड काढला, नाव बहिणीच्या शिलाई मशीनवरून उचललं. गायक बॉन स्कॉटही लहानपणी स्कॉटलंडहून आलेला. १९८० च्या फेब्रुवारीत तो लंडनला वारला. मग इंग्लंडचा ब्रायन जॉन्सन आणला, जुलैत ‘बॅक इन ब्लॅक’ हा अल्बम बाजारात. बाहेरचा म्हणून कोणी त्याचा माइक काढून घेतला नाही. उलट २००४ मध्ये इथल्या एका गल्लीला बँडचं नाव दिलं.

आणि ट्रकवर बॉनच्या हातात काय होतं? बॅगपाइप! बॉन पाइप बँडमध्ये होता, एवढं ऐकून यंग बंधूंच्या मोठ्या भावाने, जॉर्जने, ती गाण्यात घालायला लावली. बॉन होता खरा पाइप बँडमध्ये, पण ड्रम वाजवायला; आपल्या भाषेत ताशावाला. मग पठ्ठ्या बॅगपाइप शिकला.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. वर ‘मूळचे कुठले, असं आमच्याकडे विचारत नाहीत’ हेही. (विचारतात. कामावर चहाच्या सुट्टीत, स्मोकोला, दर नवा माणूस विचारतो, आणि ‘टॅरनीट’ हे माझं उपनगर सांगितलं की म्हणतो, नाही, त्याच्या आधी?)

मित्राने तासाभरात उत्तर दिलं. सिडनीत व्हिलावूडच्या ज्या स्थलांतरितांच्या हॉस्टेलात जॉर्जला पहिल्या बँडचे साथीदार भेटले, तिथे आता व्हिसा नसलेल्यांना डांबायचं डिटेन्शन सेंटर आहे ना? आणि त्या काळी ब्रिटनहून दहा पौंडांच्या तिकिटात माणसं आणत होते ती गोरी. तुझ्या बापाला आणलं असतं का रे?

बापाचं नाव काढायला नको होतं.

माझे वडील १९७९ मध्ये खानदेशातल्या चोपड्याहून सातपूरला आले, टर्नर म्हणून. घरात अहिराणी. मित्र दारात आले की मी आईला डोळ्यांनी गप्प करायचो. रंगपंचमीला रहाडीत, रंगाच्या हौदात, उड्या मारल्या, गंगेवर म्हणजे आपल्या गोदावरीवर पोहायला शिकलो. मंडळाच्या ढोलात नाव घालताना ‘मूळचे कुठले?’ असं विचारलं, तेव्हा ‘पंचवटी’ म्हणालो आणि ढोल बांधला. पाच वर्षं वाजवला. बावीस अंगठ्यांतल्या निम्म्यांनी तो पाहिलाय.

हे काही मी ग्रुपवर लिहिलं नाही. मित्राला अंगठा दाखवला आणि उतरायला उठलो, तर वडिलांचाच फोन. “काय करी ऱ्हायना रे?” भरल्या ट्राममध्ये मी मोठमोठ्याने अहिराणीत बोललो. नाशिकला सिटी बसमध्ये असतो तर ‘नंतर करतो’ म्हणालो असतो, तेही हळू आवाजात.