खुलासा : व्होल्टेज उतरल्यावर गिझर जास्त करंट घेत नाही

‘व्होल्टेज कमी झाले की गिझर जास्त करंट खेचतो आणि मीटर जोरात पळते’ असा मजकूर सध्या फिरत आहे. तो चुकीचा आहे. २३० व्होल्टवर २००० वॅटचा गिझर सुमारे ८.७ अँपिअर करंट घेतो. व्होल्टेजला करंटने भागले की त्याच्या कॉइलचा रोध, म्हणजे करंटला होणारा अडथळा, सुमारे २६.५ ओहम येतो, आणि कॉइल नायक्रोमची (निकेल-क्रोमियमच्या मिश्रधातूची) असल्याने तो तापल्यावरही फारसा बदलत नाही. त्यामुळे व्होल्टेज १८० वर उतरले तर करंट वाढण्याऐवजी ६.८ अँपिअरपर्यंत घटतो आणि दोहोंचा गुणाकार, म्हणजे शक्ती, जेमतेम १२२५ वॅट राहते. व्होल्टेज बावीसएक टक्क्यांनीच उतरले, तरी शक्ती जवळजवळ ३९ टक्क्यांनी घसरली, कारण ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. पाणी तापायला वेळ अधिक लागतो, पण युनिट जवळपास तितकीच पडतात.

हा गैरसमज बहुधा पाण्याच्या पंपावरून आला असावा. भार तोच असताना व्होल्टेज उतरले की पंपाची मोटर खरोखरच जास्त करंट घेते आणि तिचे वाइंडिंग जळू शकते. तिला रोधाचे हे साधे गणित लावू नये.