सूर्य दाखवणाऱ्या दुर्बिणीने डोळे जातात? जरा थांबा

व्हॉट्सॲपवर मेसेज फिरतोय की हौशी खगोल मंडळांच्या दुर्बिणीतून सूर्य बघितला की डोळे जातात, पोरांना पाठवू नका, त्यापेक्षा घरी एक्सरेच्या फिल्ममधून बघा. अहो, नेमकं उलटं आहे! बिनफिल्टरच्या दुर्बिणीने डोळा जातो हे खरंच, पण पुण्याच्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेसारख्या, १९४४ पासून हौशी लोकांनी चालवलेल्या संस्था असतात तिथे सौर फिल्टर दुर्बिणीच्या पुढच्या तोंडाला लावतात, म्हणजे उजेड आत शिरायच्या आधीच लाखातला साधारण एक भाग उरतो. जुन्या दुर्बिणींसोबत आयपीसला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा छोटा काळा फिल्टर यायचा, तो मात्र फेकूनच द्या, उष्णतेने तडकतो आणि नेमका तेव्हा डोळा तिथेच असतो.

आणि एक्सरे फिल्म? उजेड कमी वाटतो पण इन्फ्रारेड, म्हणजे डोळ्याला न दिसणारे किरण, आत येतातच, वर रेटिनाला (डोळ्याच्या आतल्या पडद्याला) दुखत नाही त्यामुळे भाजलेलं कळतं ते नंतर. काजळी धरलेली काच, सीडी, गॉगल सगळे त्याच माळेचे मणी.

"दुर्बिणीत सूर्य लाल दिसला म्हणजे नुसता फोटो दाखवतात" असंही म्हणतात, तेही खोटं, काही दुर्बिणींना हायड्रोजन अल्फा नावाचा फिल्टर असतो, तो ६५६.३ नॅनोमीटरच्या आसपासचाच लाल प्रकाश सोडतो म्हणून सूर्य लाल दिसतो. पोरांना न्या बिनधास्त, फक्त छोट्या फाइंडरवर (मोठ्या दुर्बिणीवर नेम धरायला लावलेली छोटी दुर्बीण) झाकण आहे ना ते बघा.